डोक्याला मार लागून चार वर्षं झाली; घरी अजून काय करता येईल?

पायवाट · ९ जून, रात्री ११:४०

नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझे मिस्टर, वय ४३. कराडजवळ आमचं हार्डवेअरचं दुकान. चार वर्षांपूर्वी रात्री दुकान वाढवून येताना मोटरसायकल घसरली. हेल्मेट टाकीवर होतं, डोक्यावर नव्हतं. (यावर कृपया कुणी लिहू नका, चार वर्षं तेच ऐकतेय.) मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव, ऑपरेशन, १९ दिवस आयसीयू, अडीच महिन्यांनी घरी.

आज हे काठी घेऊन चालतात. उजवा हात खांद्यातून थोडा हलतो, बोटं मिटलेलीच. बोललेलं बरंचसं कळतं, पण हवा तो शब्द सापडत नाही. 'पाणी' म्हणायचं असतं आणि 'चावी' म्हणतात, मग स्वतःवरच चिडतात. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. २००९ साली कुणाकडे किती उधारी होती ते पक्कं आठवतं. सगळ्यात अवघड म्हणजे आपणहून काहीच करत नाहीत. 'आंघोळीला चला' म्हटलं की जातात आणि बादलीसमोर बसून राहतात. सासूबाई म्हणतात मी लाडावून ठेवलंय. दीर म्हणतात आळशी झालाय.

फिजिओ वर्षभर घरी यायचे, एका खेपेचे ४०० रुपये. मग म्हणाले, यायचं तेवढं आलं, आता तुम्हीच करून घ्या. मी शिक्षिका, त्यामुळे वहीत तक्ताच आखला. सकाळी हाताचे सहा व्यायाम, संध्याकाळी पायाचे पाच, मग चित्रं ओळखणं, मग पाढे. रोज भांडण. परवा मुलगी (सहावीत आहे) म्हणाली, "आई, तू घरीपण शाळाच घेतेस."

प्रश्न दोन. चार वर्षांनंतर सुधारणा होते का? आणि पुण्यातल्या एका सेंटरने तीन महिन्यांचं पॅकेज सांगितलंय, त्यासाठी कर्ज काढावं का?

सुगरण_नसलेली · १० जून, सकाळी ७:१५

माहिती काही नाही माझ्याकडे, पण मुलीचं वाक्य वाचून पोटात कालवलं. धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

तात्या_वाईकर · १० जून, सकाळी ९:०२

ताई, धीर सोडू नका. आमच्या शेजाऱ्यांना लकवा मारला होता. दाराच्या चौकटीला कप्पी लावली, दोरी घातली, चांगल्या हाताने ओढून दुबळा हात वर न्यायचा, रोज शंभर वेळा. शिवाय मुठीत रबरी चेंडू दाबायचा आणि तिळाच्या तेलाचं मालिश. महिन्यात फरक.

हाडवैद्य_नव्हे · १० जून, दुपारी २:३०

तात्या, रागावू नका, पण ती कप्पी आजच काढायला सांगा.

मी न्यूरो फिजिओ आहे. दुबळ्या बाजूचा खांदा स्नायूंनी नीट धरलेला नसतो. हात वर जाताना पाठीवरचं खवाट्याचं हाड बरोबर फिरावं लागतं. दोरीने ओढला की ते फिरत नाही आणि मधल्या शिरा-स्नायूबंध चिमटले जातात. खांदा एकदा ठणकायला लागला की माणूस हाताला हात लावू देत नाही, मग उरलीसुरली हालचालही जाते. माझ्याकडे येणारे कितीतरी खांदे असे घरच्या प्रेमाने दुखावलेले असतात. म्हणूनच उठवताना दुबळा हात धरून ओढायचं नाही आणि काखेत हात घालून उचलायचंही नाही. चेंडूचं म्हणाल तर बोटं आधीच आवळलेली आहेत, त्यांना आणखी आवळायला कशाला शिकवायचं? मालिश करा, त्यात वाईट नाही, दोघांनाही बरं वाटतं.

पायवाट, तुमचा पहिला प्रश्न. पहिले सहा महिने ते वर्षभर सुधारणा भराभर होते, कारण मेंदूवरची सूज उतरत असते आणि दबलेले भाग पुन्हा कामाला लागतात. नंतर वेग मंदावतो, पण चार वर्षांनी दार बंद झालं असं नाही. फक्त नंतरची सुधारणा वेगळ्या जातीची. तुमच्या मिस्टरांची बोटं उघडतील असं मी सांगणार नाही. एका हाताने शर्ट घालणं, चहा करणं, दुकानापर्यंत जाऊन येणं, हे चार वर्षांनीही शिकता येतं. शर्टाचा नियम लक्षात ठेवा: घालताना आधी दुबळा हात, काढताना दुबळा हात शेवटी.

आता थोडं आमच्या पेशाला न आवडणारं. 'घरच्यांना शिकवलं की झालं' हे आपल्या देशात तपासून पाहिलेलं आहे. पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर भारतातल्या १४ रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला, २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. अर्ध्यांच्या घरच्यांना व्यायाम करून घ्यायचं पद्धतशीर शिक्षण दिलं, अर्ध्यांना नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन किती? दोन्हीकडे ४७ टक्के. पक्षाघात आणि अपघाती मार एक नाही, हे मान्य. पण रात्री अकराला वहीत टिकमार्क करत बसलेल्या तुमच्यासारख्या बाईला मला एवढंच सांगायचंय की तक्ता पुरा झाला नाही म्हणून हे अडलेलं नाही. घर म्हणजे छोटा दवाखाना नव्हे. व्यायाम वेगळे काढण्यापेक्षा दिवसात मुरवा. खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा करायला लावण्यापेक्षा, पाण्याचा तांब्या अशा जागी ठेवा की त्यासाठी दहा वेळा उठावं लागेल.

लाल_पट्टी · १० जून, रात्री १०:१८

वरच्या शेवटच्या वाक्याला +१००.

माझे बाबा, नाशिक, सात वर्षं झाली, गच्चीवरून पडले. मार उजव्या बाजूला, म्हणून गोष्ट वेगळी. घरी आल्यावर आजी म्हणायला लागली, "ह्याला कोशिंबीर आवडेनाशी झाली." चटणी तशीच, लोणचं तसंच, भाजी-आमटी मात्र चाटूनपुसून. आम्ही सगळे आजीच्या हो ला हो. दोन महिन्यांनी एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) बाईंनी ताट नुसतं अर्धं फिरवलं. बाबांनी कोशिंबीर संपवली आणि भाजी राहिली! आपल्या पद्धतीत चटणी-कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात, आणि बाबांच्या लेखी डावी बाजू अस्तित्वातच नव्हती. डोळे ठणठणीत होते, लक्ष जात नव्हतं.

मग ताटाखालच्या पाटाला, टेबलाला, दाराच्या चौकटीला, वर्तमानपत्राच्या समासाला, सगळीकडे डाव्या कडेला लाल चिकटपट्टी. 'लाल दिसेपर्यंत मान वळवायची' एवढा एकच नियम. माझं इथलं नाव तिथूनच आलंय.

घरात केलेले बाकीचे उद्योग, जसे आठवतील तसे: भारतीय संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची, मोरीत प्लास्टिकची भक्कम खुर्ची आणि भिंतीला स्टीलचा दांडा (टॉवेलचा दांडा नव्हे, तो उपटून हातात येतो, अनुभव आहे), सपाता बंद, मागे पट्टा असलेल्या चपला, दर दोन तासांनी विचारायचं नाही, सरळ लघवीला न्यायचं. गिळताना ठसका लागायचा. चहा-पाण्याला जास्त, पेजेला कमी. सुके पोहे, दाणे, चिवडा बंद केले. ठसका लागत असेल तर एकदा गिळण्याची तपासणी करून घ्याच, आमच्याकडे दोनदा न्यूमोनिया झाल्यावर कळलं.

दुबईरिटर्न · ११ जून, सकाळी ६:५०

स्टेम सेल (मूळपेशींचे उपचार) करून बघा. महाग आहे पण रिझल्ट आहेत. मेव्हण्याचं केलं, तीन इंजेक्शनं, सहा लाख.

हाडवैद्य_नव्हे · ११ जून, सकाळी ८:०५

मेव्हण्यांना बरं वाटत असेल तर आनंद आहे. पण आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज स्टेम सेल हे उपचार म्हणून द्यायला मान्यता नाही. संशोधन म्हणून चाचणीत देता येतं, आणि चाचणीत भाग घ्यायला रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. सहा लाख मागणारा नक्की काय देतोय ते आधी विचारा.

एलीकर · ११ जून, दुपारी ३:४४

मी मूळची सांगलीची, आता केंब्रिजजवळ एली गावात असते आणि मेंदूला इजा झालेल्यांच्या घरी जाऊन मदतनीस म्हणून काम करते. याच गावात बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली अशा लोकांसाठी केंद्र सुरू केलं. त्यांच्याकडून आलेली एक गोष्ट मी सांगलीत गेले की प्रत्येक घरात ओरडून सांगते.

आपल्याकडे पाहुणा आला की आजाऱ्यासमोर वाकून पहिला प्रश्न काय? "ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?" सगळे श्वास रोखून बघणार. तो बिचारा काहीतरी नाव ठोकून देतो. "नाही रे, मी शिरीषकाका!" सगळे हसतात. ज्याची नवी आठवण ठेवण्याची शक्ती गेली आहे, त्याच्या डोक्यात आपण दिलेलं चुकीचं उत्तर मुरतं, पण 'ते चुकलं होतं' ही दुरुस्ती मुरत नाही. पुढच्या वेळी तीच चूक आणखी पक्की. तुमच्या-माझ्यासारखे चुकांमधून शिकतात, हे लोक चुकाच शिकतात. म्हणून अंदाज करायलाच लावायचा नाही. "मी शिरीषकाका, आलोय" असं म्हणतच आत यायचं. चित्रं ओळखायची परीक्षाही बंद करा. चित्र दाखवून तुम्हीच नाव घ्या, मग दोघं मिळून म्हणा.

दुसरं, आठवण करून देणाऱ्या यंत्रांचं. १४३ जणांना पेजर देऊन केलेला त्यांचा अभ्यास २००१ साली आला. ठरल्या वेळी पेजर वाजला की गोळी घेणं, जेवणाची तयारी अशी कामं बहुतेकांची स्पष्टपणे जास्त वेळा व्हायला लागली. आता खिशातल्या मोबाईलवर ते फुकट होतं. गजराला लेकीचा आवाज टाका. बायको म्हणाली की कटकट, मोबाईल म्हणाला की वेळ झाली. हे माणूस कुठलाही असो, सारखंच.

पायवाट · ११ जून, रात्री ११:५५

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत. उत्तर द्यायला दिवसभर वेळच मिळाला नाही.

कप्पी आमच्याकडेही होती. दिरांनी मागच्याच महिन्यात मोठ्या हौसेने लावली होती, दुकानातूनच आणून. आज काढली. 'ओळखलंस का' वाचून मात्र हसू आणि रडू एकदमच आलं. आमच्याकडे गणपतीत हा कार्यक्रमच असतो.

एक गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये लिहायची टाळली होती. रविवारी ह्यांनी ताट फेकलं. मुलीला लागलं नाही, पण ती घाबरून आतल्या खोलीत गेली ती जेवलीच नाही. आधी कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता हा. याचं काय करू?

विहीर · १२ जून, पहाटे ५:२०

मला स्वतःला मार आहे. ट्रॅक्टर उलटला. २०१५. मोबाईलला बोलून लिहितो, चुका असतील.

राग कसा येतो सांगतो. आमच्या विहिरीला झिरपून पाणी येतं. सकाळी भरलेली असते, दुपारपर्यंत उपसून होते. मग मोटर लावली तर नुसती हवा ओढते. माझं डोकं तसं आहे. बारा वाजेपर्यंत मी माणूस. नंतर कुकरची शिट्टी, टीव्ही, दोघं एकदम बोलले, तर आतून काहीतरी फाटतं. फेकल्यावर मलाच कळतं. लाज वाटते. दुसऱ्या दिवशी आठवत नाही, पण लाज राहते.

दुपारी एक तास अंधारात झोप. कुणी उठवायचं नाही. संध्याकाळी काही शिकवायचं नाही. घरच्यांना हे समजायला तीन वर्षं लागली.

आळशी म्हणू नका. मला उठायचं असतं. उठायचं बटण लागत नाही. कुणी नुसतं खांद्याला हात लावला की लागतं.

लाल_पट्टी · १२ जून, सकाळी ७:३०

विहीर, तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "बरोबर आहे. त्यांना नमस्कार सांग."

पायवाट, आम्ही रागाची वही ठेवली होती. तीनच रकाने: आधी काय चाललं होतं, काय झालं, त्यानंतर आपण काय केलं. वेळ न विसरता. पंधरा दिवसांत काहीतरी दिसायला लागतं. आणि ज्या क्षणी पेटतंय त्या क्षणी समजावायचं नाही, 'का केलंत' विचारायचं नाही. टीव्ही बंद, लोक बाहेर, आपणही दारापर्यंत मागे. मुलीला शांतपणे सांगा की बाबा तिच्यावर चिडले नव्हते.

एक राहिलं: फिटच्या गोळ्या चालू असतील तर 'आता बरे आहेत' म्हणून परस्पर बंद करू नका. आणि फिट आलीच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही.

बखरवाला · १२ जून, दुपारी १:१०

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून घुसलेली लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण 'तो पूर्वीचा राहिला नाही', एवढीच गोष्ट पुस्तकांत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. तो नंतर चिलीला गेला आणि काही वर्षं सहा घोड्यांची प्रवासी बग्गी हाकत होता. हे शोधून मांडणाऱ्या माल्कम मॅकमिलन या अभ्यासकाचं म्हणणं असं की पहाटे उठा, घोडी जुंपा, सामान चढवा, ठरलेल्या रस्त्याने न्या, या रोजच्या साच्यानेच त्याला पुष्कळसं सावरलं. औषध नाही, थेरपिस्ट नाही, नुसतं रोजचं तेच ते काम.

दुकान अजून चालू आहे का ताई?

काळा_कोट · १२ जून, संध्याकाळी ६:००

व्यावहारिक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात 'मेंदूची इजा' असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे लोकांना 'यात बसत नाही' म्हणून परत पाठवतात आणि तेही परत येतात. परत येऊ नका. हातापायाचा दुबळेपणा चलनविषयक दिव्यांगत्वात बसतो, शब्द न सापडणं वाचा व भाषेत बसतं. दोन्ही मिळून बहुविध दिव्यांगत्व म्हणून मागा. ४० टक्के किंवा जास्त असेल तरच बहुतेक सवलती. नोंदणी यूडीआयडीच्या (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) संकेतस्थळावर.

अपघातात दुसऱ्या वाहनाची चूक असेल आणि दावा चालू असेल तर घरच्यांनी केलेल्या सेवेची किंमत मागायला विसरू नका. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने डोक्याला मार लागलेल्या एका मुलीच्या दाव्यात दोन मदतनिसांचा महिन्याचा खर्च आयुष्यभराच्या हिशोबाने, गुणक लावून मंजूर केला होता. 'आईच करते की सगळं' म्हणून ते फुकट धरलं नाही.

पायवाट · १२ जून, रात्री ११:३०

दुसरं वाहन नव्हतं, गाडी घसरली. त्यामुळे दावा नाही. यूडीआयडीचं आम्हाला खरंच परत पाठवलं होतं. पुन्हा जाते.

बखरवाला, दुकान दीर चालवतात. हे चार वर्षांत तिथे गेले नाहीत. गिऱ्हाईकांनी बघू नये असं घरात सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

अनामिक_आज · १३ जून, रात्री १:१५

दुसऱ्या आयडीने लिहितेय. माझा नवरा सहा वर्षांपूर्वी. सगळे विचारतात, तो कसा आहे. सगळ्या पोस्टींत पण तोच. मी त्याला आंघोळ घालते, नखं कापते, गोळ्या देते आणि रात्री त्याच्याच शेजारी झोपते. बायको कुठल्या क्षणी असायचं ते मला समजेनासं झालंय. त्याचं कुंकू लावते आणि त्याचीच आठवण काढते.

हाडवैद्य_नव्हे · १३ जून, सकाळी ८:४०

अनामिक, तुमची पोस्ट काल रात्रीच वाचली, उत्तर सुचलं नाही. आजही नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा क्रमांक आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. 'रुग्ण मी नाही' म्हणून मागे राहू नका.

पायवाट, पॅकेजचा प्रश्न राहिला होता. तिथे तीन महिन्यांत जे शिकतील ते तिथल्या मोरीत, तिथल्या जिन्यावर शिकतील. स्मृती गेलेल्या माणसाला एका जागचं शिकलेलं दुसऱ्या जागी लावता येईलच असं नाही. माझ्या मते कर्ज काढू नका. त्यातल्या थोड्या पैशांत महिन्यातून एकदा चांगली ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी बोलवा, आणि दुपारपुरती एक मावशी ठेवा. मावशी त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी.

पायवाट · २८ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. सांगायचं राहून जाईल म्हणून.

रागाच्या वहीत ३१ नोंदी झाल्या. त्यातल्या २२ संध्याकाळी साडेसहा ते आठमधल्या. म्हणजे माझा पायाच्या व्यायामांचा तास, सासूबाईंची मालिका, मुलीचं पाठांतर आणि कुकर. तक्ता बंद केला. दुपारची झोप चालू केली. सासूबाईंना हेडफोन आणून दिला, त्यावर दोन दिवस रुसवा झाला. गेल्या पंधरा दिवसांत तीनच नोंदी आहेत.

मोरीत भिंतीवर चित्रं लावली, प्लास्टिकमध्ये घालून: तांब्या, साबण, तांब्या, टॉवेल, बनियन, शर्ट. चित्रं मुलीने काढली. मी खांद्याला हात लावते (विहीरदादा, तुमच्यामुळे) आणि बाहेर थांबते. साबणापर्यंत आपले आपण जातात. टॉवेलला अडकतात.

आणि दुकान. १ जुलैपासून रोज दहा ते साडेअकरा जातात. दिरांनी सुट्या स्क्रूंचा एक डबा पुढ्यात ठेवला आणि प्रत्येक खणात आधीच एकेक नमुना टाकून ठेवला, म्हणजे अंदाज करायला नको. डाव्या हाताने एकेक लावतात. चुकतात तेव्हा दीर काही बोलत नाहीत, नुसता खण पुढे सरकवतात. हे त्यांनी कुठे वाचलं विचारलं तर म्हणाले, वहिनी, तुमच्या मोबाईलवर धागा उघडाच राहिला होता. परवा एक मिस्त्री आला आणि नुसता स्क्रू दाखवून विचारलं, तर हे म्हणाले, "दीड इंची." एवढंच. घरी येऊन पाणी मागताना पुन्हा 'चावी'च म्हणाले. मुलगी आता चावीही देते आणि पाणीही देते, दोघं हसतात.

पुण्याला गेलो नाही. मावशी येतात दोन ते पाच. पहिल्या दिवशी मी तीन तास नुसती झोपले.

हाडवैद्य_नव्हे · २८ जुलै, रात्री १०:२५

दुकानात बसतात कशावर? पाय जमिनीला टेकतात का?

पायवाट · २८ जुलै, रात्री १०:३१

काउंटरच्या उंच स्टुलावर. लोंबकळतात पाय. आणि दीड तास झाला की उजवीकडे कलतात, ते मला आता लक्षात येतंय.

हाडवैद्य_नव्हे · २८ जुलै, रात्री १०:३४

पाठ आणि हात टेकायला असलेली खुर्ची, खाली फळी. दोन्ही पावलं सपाट टेकली पाहिजेत. दुबळा हात काउंटरवर, डोळ्यांसमोर राहू दे, मांडीवर पडलेला नको.

पायवाट · २८ जुलै, रात्री १०:४०

फळ्या काय, दुकानात पडल्याच आहेत. सकाळी दिरांना सांगते.